बिअरच्या पिंपाचं रबर

भूमच्या बाजारात सायकलींचं पंक्चर काढणाऱ्या चाचांना रबराशी बोलायची सवय होती. "बस बेटा, बस," म्हणत ते ठिगळ चिकटवत.

पाणी साठवायला मी हैदराबादहून बिअरचं जुनं पिंप आणलं, तर त्याच्या तोंडाचं रबर सैल निघालं. मी पडलो दारूबंदीवर भाषणं देणारा मास्तर. पिंप धोतरात गुंडाळून चाचांकडे नेलं.

ते रबर बसवत असतानाच हेडमास्तर आले. पिंपावरची इंग्रजी अक्षरं वाचून म्हणाले, "बिअर? कुणाचं हे?"

पाचवक्ती नमाजी चाचा मान वर न करता म्हणाले, "माझं हाय."

मला इतकं भरून आलं की मी ओरडलोच, "नाही, माझं आहे!"

अख्खा बाजार वळून बघू लागला.

चाचा पुटपुटले, "मास्तर, म्या मिटवलं हुतं की!"