मी उजवीकडे पाहिलं नव्हतं

त्या शनिवारी सकाळची शाळा होती. आंबेनळी घाटाच्या पायथ्याकडच्या एका हायस्कूलात मी गणित शिकवते आणि राहायला महाडला आहे. गाडी मी चाळिशीत शिकले. अपघात झाला तोवर नऊ वर्षं रोज जाऊन-येऊन चालवत होते, आणि गाडीला एक ओरखडाही नव्हता. मला त्याचा थोडा अभिमानही होता.

महाडात शिरण्याआधी हायवेच्या पुलाखालून बाहेर पडलं की एक सर्कल लागतं. मध्ये सिमेंटचा गोल कट्टा, त्यात शोभेची म्हणून लावलेली आणि धुळीने राखाडी झालेली झाडं. चार रस्ते तिथे येऊन मिळतात. नियम सोपा आहे. जो आधीच सर्कलमध्ये आहे त्याला जाऊ द्यायचं, आणि तो आपल्या उजवीकडून येत असतो. प्रत्यक्षात तिथे ज्याची गाडी मोठी तो आधी जातो. मीही तेच शिकले होते. डंपर आणि एस.टी. यांच्यावर नजर ठेवायची, बाकीचे आपलं आपण सांभाळतात.

त्या दिवशी शाळेतून घरी परतताना माझ्या डावीकडे एक एस.टी. उभी होती. उतारू उतरत होते. ड्रायव्हरने इंजिन चालूच ठेवलं होतं, आणि ती कधी सुटून माझ्या अंगावर येईल याचा नेम नव्हता. मी वेग कमी केला. एस.टी.कडे बघत बघत सर्कलमध्ये शिरले.

आवाज फार मोठा झाला नाही. पत्र्याचा डबा पडावा तेवढाच. माझ्या बोनेटसमोरून काहीतरी निळं सरकलं आणि खाली गेलं. मी ब्रेकवर उभीच राहिले होते. कोणी ओरडलं नाही, हे मला आजही विचित्र वाटतं. मी दार उघडून उतरले तेव्हा एक मोटरसायकल आडवी पडून तिचं चाक फिरत होतं, एक माणूस उठून बसत होता, आणि निळ्या साडीतली एक बाई रस्त्यावर उताणी पडली होती. ती माझ्याच वयाची असावी. मोटरसायकलवर मागे ती एका बाजूला पाय सोडून बसली होती, डाव्या बाजूला. माझ्या गाडीचा बंपर थेट तिच्या पायावर आला होता.

त्या क्षणी मला फक्त एवढं कळत होतं की माझ्या तोंडात अजिबात थुंकी उरलेली नाही.

माणसं जमली. कोणीतरी म्हणालं, "लेडीज ड्रायव्हर हाय." दुसऱ्याने माझ्या गाडीची किल्ली काढून घेतली. एका सहा आसनी रिक्षावाल्याने सीट मोकळी केली, आणि चारजणांनी त्या बाईला उचलून आत ठेवलं. तिचा नवरा पुढे बसला. त्याच्या कोपरातून रक्त येत होतं. मला कोणी बोलावलं नाही आणि कोणी अडवलंही नाही. मी आत चढले आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं.

तिने माझं मनगट धरलं. भात कापणाऱ्या, लाकडं फोडणाऱ्या बाईची पकड ती. मी कोण आहे हे तिला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "माजा पाय हाय ना गो? बग जरा."

मी बघितलं. साडी गुडघ्यापर्यंत भिजली होती आणि पाऊल जिकडे असायला हवं तिकडे नव्हतं.

"आहे," मी म्हणाले.

"हालत नाय."

"आहे गं. आहे."

दवाखान्यापर्यंतचा रस्ता पाच-सात मिनिटांचा आहे. तिने तीनदा तेच विचारलं.

तिथे पहिली पट्टी बांधून, एक्स-रे काढून तिला मुंबईला हलवायचं ठरलं, कारण नडगीची दोन्ही हाडं मोडली होती आणि रॉड घालावा लागणार होता. अॅम्ब्युलन्स निघाली तेव्हा तिचा नवरा पहिल्यांदा माझ्याशी बोलला. तो काही वर्षं मुंबईत कुठल्याशा सोसायटीत लिफ्टमन होता आणि नुकताच उमरठच्या बाजूला आपल्या वाडीत शेती करायला परत आला होता, हे मला नंतर कळलं. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही डायरेक्ट घुसलात ना. आम्ही आतमध्ये होतो." आवाज चढवून नाही. मला त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुपारी पोलीस ठाण्यात माझा जबाब घेतला. हवालदार वयस्कर होते, त्यांनी आधी मला पाणी दिलं. मग विचारलं, "मोटरसायकल कुठून आली?"

"अचानक आली," मी म्हणाले.

त्यांनी लिहून घेतलं. मी सही केली. मी खोटं बोलतेय असं मला त्या वेळी वाटलं नव्हतं. ती मोटरसायकल माझ्यासाठी खरोखरच अचानक आली होती. पण माझी गाडी ठाण्याच्या आवारात जप्त होऊन उभी होती, तिचा फुटलेला दिवा खिडकीतून मला दिसत होता. तो बघता बघता मला कळलं की सर्कलमध्ये काही अचानक येत नाही. ती दोघं माझ्या उजवीकडून अख्खा अर्धा गोल फिरून आली होती. मी मान वळवली असती तर साडीचा रंगसुद्धा दिसला असता.

माझ्यावर निष्काळजीपणे गाडी चालवून गंभीर दुखापत केल्याचा गुन्हा नोंदला. नोटीस देऊन त्यांनी मला घरी जाऊ दिलं. मिस्टरांनी कागद वाचला आणि म्हणाले, "अचानक आली म्हणालीस ते बरं केलंस. आता तेच धरून राहा."

पुढचे महिने मी कशी शिकवत होते मला आठवत नाही. वर्गाच्या दारात शिपाई दिसला की हातातला खडू घामाने ओला व्हायचा. समन्स आलं असेल, संस्थेने बोलावलं असेल, ती बाई गेली असेल. शिपाई परिपत्रक घेऊन आलेला असायचा. संस्थेने लेखी खुलासा मागितला तो मी दिला, त्यातही "अचानक" हा शब्द होता. गाडी परत मिळाली, पण मी ती चालवत नव्हते. एस.टी.ने जायचे, आणि ते सर्कल आलं की डोळे मिटून घ्यायचे.

पायात रॉड घालून ती घरी आल्याचं कानावर आलं, आणि त्याच सुमारास भरपाईच्या दाव्याची नोटीसही आली. इन्शुरन्स कंपनीच्या वकिलांनी आम्हाला फोनवर बजावलं की भेटायला अजिबात जाऊ नका, भेट म्हणजे कबुली धरतात. मिस्टरही तेच म्हणाले. तरी मी गेले. धैर्य होतं म्हणून नाही. तिने रिक्षात विचारलेला प्रश्न रोज कानात वाजायचा, आणि तो पाय आहे की काढावा लागला हे मला कोणी नीट सांगत नव्हतं.

वाडी डोंगराच्या कुशीत आहे. एस.टी.तून उतरून अर्धा तास चढत गेले. सगळा वेळ मी मनात ठरवत होते की त्यांनी हाकललं तर मुकाट्याने परतायचं. पडवीत खाटेवर ती बसली होती, पाय लांब करून. पाय होता. मी पडवीच्या कडेलाच बसले. नवऱ्याने मी कोण याची तिला ओळख करून दिली. भात शेजाऱ्यांनी कापून दिल्याचं तिने सांगितलं. नवऱ्याने पाणी आणून दिलं, आणि तो खांबाला टेकून उभा राहिला.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "बाई, एक इचारू? तुमी मला बगितलंच नाय का?"

वकिलांचं बोलणं मला आठवलं. नवरा समोर उभा होता. मी म्हणाले, "नाही बघितलं. मी डावीकडे एस.टी. बघत होते. उजवीकडे मी पाहिलंच नाही."

ती नवऱ्याकडे बघून म्हणाली, "बग. मी सांगत व्हते ना? यांचं तोंड तिकडं व्हतं."

मी समोरच्या पक्षाला, दोन माणसांच्या देखत, सगळं सांगून बसले होते. मिस्टरांना मी ते पंधरा दिवस सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत, फक्त घाबरले. म्हणाले, "फौजदारी केस अजून उभी आहे. नोकरी आहे. तू काय केलंस कळतंय का तुला?" कळत होतं.

दावा माणगावच्या कोर्टात चालला. तो उभा राहायला दीड वर्ष गेलं. इन्शुरन्स कंपनीने मला आपल्या बाजूची साक्षीदार म्हणून बोलावलं. सुनावणीच्या आधी व्हरांड्यात त्यांच्या वकिलांनी मला बाजूला घेतलं. तरुण होते, सभ्य होते. म्हणाले, "मॅडम, मोटरसायकल वेगात होती, एवढंच सांगायचं. मग चूक दोघांवर वाटली जाते आणि भरपाई कमी होते. तुमच्या खिशातून काही जाणार नाही, आणि तुमच्या फौजदारी केसलाही मदत होईल. पोलिसांना तुम्ही अचानक म्हणालाच आहात. त्याच्याशी जुळतं."

सगळं जुळत होतं, हेच भयंकर होतं. एक वाक्य, आणि मी अर्धी सुटत होते. वेगात होती का? असेलही. मला माहीत नव्हतं, कारण मी पाहिलंच नव्हतं. न पाहिलेल्या गाडीचा वेग मी सांगणार होते.

शपथ घेतली तेव्हा माझा आवाज मलाच ऐकू येईना. न्यायाधीशांनी मोठ्याने बोलायला सांगितलं. ती पहिल्याच बाकावर बसली होती, काठी गुडघ्यांत धरून. कंपनीच्या वकिलांनी विचारलं, "मोटरसायकलचा वेग जास्त होता का?"

"मला सांगता येणार नाही," मी म्हणाले.

त्यांनी प्रश्न बदलून पुन्हा विचारला. मी तेच म्हणाले. ते बसले. मग तिच्या बाजूचे वकील उठले. त्यांचा एकच प्रश्न होता. "सर्कलमध्ये शिरण्याआधी आपण उजवीकडे पाहिलं होतं का?"

मला नोकरी दिसली, मिस्टरांचा चेहरा दिसला, वर्गातली पोरं दिसली. पळून जावंसं वाटलं, पण साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून कुठे पळणार? मी कठडा धरला.

"नाही," मी म्हणाले. "पाहायला हवं होतं. चूक माझी होती."

टायपिस्टने ते टाइप केलं. त्या बटणांचा आवाज तेवढा आला.

बाहेर इन्शुरन्सचे वकील माझ्याशी न बोलता निघून गेले. मिस्टर आले नव्हते. मी स्टँडवर आले आणि पोलादपूरच्या गाडीत चढले, तर पुढच्याच बाकावर ती होती. नवरा काही कामासाठी माणगावातच थांबला होता. दुसरीकडे जागा नव्हती. ती खिडकीकडे सरकली आणि मी तिच्याशेजारी बसले.

लोणेरे गेलं. दासगावच्या अलीकडे समोर एक ट्रक आडवा आला आणि आमच्या ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. आम्ही दोघींनी एकाच वेळी समोरचा दांडा धरला. गाडी सुरळीत झाली तरी दोघींनी हात काढले नाहीत.

ती म्हणाली, "मला आजून लय भ्या वाटतं गाडीत."

"मलाही," मी म्हणाले.

"तुमाला कशाचं?"

ती मग बाहेर बघत राहिली. महाडला मी उतरायला उठले तेव्हा तिने पाय आखडून वाट दिली, आणि म्हणाली, "खरं बोललात. नायतर ह्यांनी तुमाला सोडलं नसतं." ती धमकी होती की आभार, मला आजही ठरवता येत नाही.

निकालात सगळी जबाबदारी माझ्यावर धरली, भरपाई कंपनीने द्यायची असं ठरलं आणि ती तिला मिळाली. फौजदारी केसमध्ये मी गुन्हा कबूल केला. दंड झाला. संस्थेने ताकीद देऊन माझी नोकरी ठेवली. मिस्टर म्हणाले, "झालं एकदाचं. संपलं." कागदावर संपलं, हे खरं आहे.

तिचा पाय बोटभर आखूड राहिला. चिखलात उभं राहून लावणी तिला जमत नाही. ती बांधावर बसून रोपांच्या जुड्या बांधून देते असं तिच्याच गावची एक विद्यार्थिनी सांगत होती. ती मुलगी हे सहज सांगून गेली, तिला आमचं काही माहीत नाही.

गेल्या वर्षी आमच्या बाजूची सकाळची एस.टी. बंद झाली आणि मला पुन्हा गाडी काढावी लागली. मी हळू चालवते. मागचे हॉर्न वाजवतात, काही जण काच खाली करून बोलतात. बोलू देते. हात अजूनही स्टिअरिंगवर ओले होतात. सुरुवातीला मला वाटायचं ही भीती कधीतरी जाईल. आता ती गेली तर काय, याची भीती वाटते.