नत्थुजी मिस्त्रींचा गेरू

बडनेऱ्याचे नत्थुजी मिस्त्री पहिल्या दिवशी कामावर आले ते थापीऐवजी गेरूची पुडी घेऊन. माझं डोकंच फिरलं. खुब्याचं हाड मोडल्यावर मी नुकता काठीनं चालू लागलो होतो. बायको कुंदा गेल्यापासून अमरावतीच्या या घरात एकटाच राहतो. अकोल्याचा माझा मुलगा स्वानंद बजावून गेला होता, की महिन्याभरात घर तुमच्याजोगं झालं तर राहा, नाहीतर माझ्याकडे चला. मला जायचं नव्हतं. इंजिनिअरनं आधाराच्या दांड्या कुठं लावायच्या याचा नकाशाही काढून दिला होता, तो या मिस्त्रींनी घडी करून खिशात टाकला.

"वकीलसाहेब, हाताले गेरू लावा अन् दिवसभर रोजच्यासारखे फिरा," ते म्हणाले. "दांडी कुठं लावाची ते कागद नाई सांगत, तुमचा हात सांगते."

कुरकुरत का होईना, फिरलो. संध्याकाळपर्यंत घरभर लाल पंजे उमटले. नकाशातल्या दांड्या उजवीकडे होत्या आणि माझा हात दरवेळी डावीकडे गेला होता.

न्हाणीत मात्र नत्थुजी उकिडवे बसले. चुन्याच्या भिंतीवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, ओल्या फडक्यानं पुसलेला लाल डाग होता. पुसल्यानं तो आणखीच पसरला होता.

"पडले होते काय?"

पस्तीस वर्षं मी साक्षीदारांना घाम फोडला. इथं पुरावा नष्ट करताना स्वतःच सापडलो. दुपारीच पाय घसरला होता, तोही तिसऱ्यांदा. स्वानंदला यातलं काही ठाऊक नव्हतं.

"अंजनगावले मायच्या न्हाणीत मीच चकचकीत फरशी बसवली होती," नत्थुजी सावकाश म्हणाले. "दोनदा पडली, मले सांगतलं नाई. तिसऱ्यांदा उठली नाई."

तेव्हापासून हा माणूस चकचकीत फरशीला हात लावत नाही आणि म्हाताऱ्यांच्या घरची कामं आधी घेतो.

त्यांनी उंबरठे काढले, न्हाणीत खरबरीत फरशी घातली, डावीकडे दांड्या ठोकल्या. पाऊल पडताच दिवा लागतो. न्हाणीत मी बराच वेळ हललो नाही, तर शेजारच्या पौर्णिमाताईंचा आणि स्वानंदचा फोन वाजतो.

रविवारी स्वानंद बघायला आला. सगळं आवडलं, पण न्हाणीत थबकला. "ही दांडी इतकी खाली कशाला?"

नत्थुजी माझ्याकडे बघत होते. थाप मारायला मला कितीसा वेळ लागणार होता? पण त्यांची माय आठवली.

"तिथं मी तीनदा पडलो," मी म्हणालो.

स्वानंदचा चेहरा उतरला. "पुरे झालं, बाबा. सामान भरू."

मी काठी बाहेर ठेवली आणि सरळ फरशीवर बसलो. डावा हात खालच्या दांडीवर टाकला, मग वरच्या. स्वानंद पुढे झाला तसा नत्थुजींनी त्याचा दंड धरला. गुडघे कुरकुरले, दोनदा दम घेतला, पण उभा राहिलो. कुणाच्याही आधाराशिवाय.

"परत एकदा," स्वानंद म्हणाला. मी परत उठून दाखवलं.

या माणसाचे उपकार मी कसे फेडणार, मला कळत नाही. स्वानंद संध्याकाळी एकटाच अकोल्याला परतला. निघताना तो माझ्या आधी नत्थुजींच्या पाया पडला, आणि एरवी मानपानावरून लगेच भडकणाऱ्या मला त्याचा जराही राग आला नाही.