कोपऱ्यातला कप

डॉक्टरांना निदानात मदत करणारं सॉफ्टवेअर आमची कंपनी बनवते. पेशंटची तक्रार, वय, रक्तदाब भरला की काय काय असू शकतं ते मशिन सुचवतं. त्याचा स्क्रीन कसा दिसावा, हे ठरवायचं काम माझं. धोक्याच्या सूचनेसाठी मी लालभडक चौकोन केला होता, वर टूंऽऽ असा आवाज. ऑफिसात सगळ्यांनी वाखाणला. मी हवेत.

पहिली चाचणी पारनेरच्या एका जुन्या डॉक्टरसाहेबांकडे होती. तपासायच्या खोलीत एक डॉक्टर आणि एक पेशंट असतो, असं मी धरून चालले होते. हे माझ्या डोक्यात कुठून आलं, देव जाणे! आमच्याकडे पेशंट कधी एकटा आत जातो का? मुलगा, सून, जावई, शेजारीण, सगळे आत, आणि सगळ्यांचे डोळे स्क्रीनवर.

एक आजी आल्या, पोटात जळजळतंय म्हणून. माहिती भरून होते न होते तोच टूंऽऽ. लाल चौकोन म्हणाला, हृदयविकार असू शकतो. सुप्याच्या कंपनीत कामाला असलेल्या जावयाने तो मोठ्याने वाचला. झालं! सुनेने हंबरडा फोडला, मुलाने ॲम्ब्युलन्सला फोन लावला, शेजारणीने आजींच्या तोंडात पाणी घालायला घेतलं. आजी बिचाऱ्या उठून बसल्या आणि कोणाला काय झालं ते विचारायला लागल्या. डॉक्टरसाहेबांनी ईसीजी काढला, तो चांगला होता. जत्रेतल्या मटणाचा प्रताप, दुसरं काही नाही. पण ऐकतो कोण? कॉम्प्युटर काय खोटं बोलतो का, म्हणत जावयाने आजींना नगरच्या मोठ्या दवाखान्यात नेलंच.

डॉक्टरसाहेबांनी खुंटीवरचा टॉवेल घेतला आणि माझ्या स्क्रीनवर टाकला.

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, उद्या खरंच कोणाचं हृदय बंद पडायला आलं आणि मशिन टॉवेलखाली ओरडत बसलं, तर?

"मॅडम, मला कळलं पाहिजे, अख्ख्या खोलीला नाही," ते म्हणाले. "जमत असेल तर करा, नाहीतर ही पेटी उचला."

परतताना मी त्यांना मनातल्या मनात सणसणीत शिव्या हासडल्या. माणूस बोलला ते खरं होतं, त्याचाच जास्त राग. मग लाल काढला, आवाज काढला. अक्षरं बारीक केली, तर ती डॉक्टरसाहेबांनाच दिसेनात. इंग्रजी आद्याक्षरं घातली, तर नातेवाईक ती मोबाईलवर शोधायला लागले. शेवटी वैतागून मी विचारलं, काय दिसलं की तुमची मान हमखास वळते? ते जरा लाजले आणि म्हणाले, चहा.

तेव्हापासून धोका असला की स्क्रीनच्या कोपऱ्यात चहाचा छोटा कप दिसायचा, बाकी काही नाही. कोणी बघितलाच, तर वाटायचं, डॉक्टरांचा चहा आलाय. डॉक्टरसाहेब निवांतपणे ईसीजी काढायचे, पेशंट वेळेत नगरला पोचायचे, रडारड नाही. टॉवेल परत खुंटीवर गेला. मी पुन्हा हवेत.

आमचे वडील, म्हणजे दादा, शेतकरी माणूस. लेक नेमकं काय काम करते, हे त्यांना भावकीत धड सांगता येत नव्हतं. म्हणून एकदा पित्ताचं निमित्त काढून ते माझं मशिन बघायला डॉक्टरसाहेबांकडे आले. सोबत काका आणि आत्या, कारण एकटं जायची पद्धत आमच्यातही नाही.

दादा ऐटीत स्टुलावर बसले. छातीशी जळजळ, थोडा घाम. डावा खांदा भरून आलाय, पण तो कांद्याच्या गोण्या उचलल्याने असणार. डॉक्टरसाहेब भरत गेले आणि कोपऱ्यात कप आला.

त्याचा अर्थ खोलीत आम्हा दोघांनाच माहीत. तो लाल चौकोन, तो टूंऽऽ, सगळं मला परत हवं होतं. मलाच हंबरडा फोडायचा होता. पण आत्या बाजूलाच उभी. मी ओठ दाबून धरले. कप दादांनीही बघितला.

"डॉक्टर, चहा आलाय तुमचा. घ्या आदी. मला काय घाई न्हाई."

"चहा नंतर," डॉक्टरसाहेब त्याच निवांत आवाजात म्हणाले. "तुम्ही जरा आडवे व्हा."

ईसीजी बिघडलेला निघाला. ॲम्ब्युलन्समध्ये ड्रायव्हरशेजारी बसू देतील का, असं विचारत दादा नगरला गेले. त्याच दिवशी स्टेंट टाकली.

कपाचा अर्थ मी त्यांना अजून सांगितलेला नाही. आपल्यापायी डॉक्टरांचा चहा राहिला, ही त्यांना रुखरुख. तपासणीला जाताना ते थर्मास भरून नेतात. स्टुलावर बसले की आधी स्क्रीनचा कोपरा बघतात.

"आज बी चहा न्हाई का तुमाला?"

डॉक्टरसाहेब नाही म्हणतात. दादांना त्यांची कीव येते. मी मागे उभी असते, त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत, आणि मला रडू येतं. दादांना वाटतं, हिलाही चहाच हवाय. मग ते थर्मासच्या झाकणात मलाही ओततात.