बीपीचा कोरा रकाना

आरोग्य केंद्राच्या नर्सबाईला गावात सगळे तिखटबाई म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि तीही बिनदिक्कत ओ देई. केंद्र म्हणजे दोन खोल्या, एक लोखंडी खाट, एक वजनकाटा आणि बीपीचं एक मशीन. मशीनचा रबरी फुगा फाटलेला. दाबला की फुस्स! नवीन मागून आठ महिने झाले होते. आधीच्या बाई हुशार. त्यांनी प्रत्येक गरोदर बाईच्या कार्डावर एकशेवीस-ऐंशी ठोकून दिलेलं. बाया पन्नास, आकडा एकच! तिखटबाईनं मात्र तो रकाना कोरा सोडायला सुरुवात केली.

तपासणीला आलेले साहेब कार्डं चाळता चाळता लालबुंद झाले.

"बाई, हे कोरं का? भरून टाका."

"काय भरू?"

"नेहमीचं."

"नेहमीचं म्हणजे खोटं, साहेब. ते माझ्या हातून व्हायचं नाही."

"मग बदलीची तयारी ठेवा."

घरी सासू अंथरुणाला खिळलेली. बदली झाली तर म्हातारीचं करणार कोण? तरी बाईनं पेन काही उचललं नाही.

त्याच आठवड्यात कुंभाराची सून आली. नववा लागलेला, तोंड सुजलेलं, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे. सोबत आलेली तिची सासू म्हणाली, "अहो, असल्या दिवसांत सूज यायचीच."

"गप बसा मावशी!" बाई कडाडली. कार्डावर लाल शाईनं लिहिलं, "मशीन बंद, बीपी मोजलेलं नाही." रस्त्यावरचा टेम्पो अडवला आणि दोघींना घेऊन थेट मोठं हॉस्पिटल गाठलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई कार्ड बघून वैतागल्या. "हे काय, बीपी मोजलेलंच नाही?" त्यांनी उभ्या उभ्या स्वतः मोजलं. वरचा आकडा एकशेनव्वद! मग एकच धावपळ उडाली. तासाभरात ऑपरेशन करून बाळ काढलं. मायलेक दोघंही वाचली.

हात पुसत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एकशेवीस-ऐंशी दिसलं असतं ना, तर मी तिला बाहेर रांगेत बसवलं असतं."

तिखटबाईला तिथेच रडू फुटलं. रागाचं रडू होतं ते. जुन्या कार्डांवरच्या बाया एकेक करून तिला आठवत होत्या.

बाराव्या दिवशी साहेबांची नोटीस आली. रकाने कोरे का ठेवले, याचा लेखी खुलासा करावा. बाईनं खाली सही करून कागद त्याच दिवशी परत धाडला. त्यावर लिहिलं होतं:

"खुलासा बारा दिवसांचा झाला. आईच्या मांडीवर दूध पितोय. येऊन बघून जा, आणि येताना मशीन आणा."