घुबडाचं माप

शिंपीणबाईच्या तोंडात कायम टाचण्या असायच्या. बोलायचं झालं तरी ती त्या काढायची नाही. ओठांच्या कोपऱ्यात सरकवायची आणि उरलेल्या तोंडाने समोरच्याची हजेरी घ्यायची. म्हणून नवरा तिला टाचणी म्हणायचा. चारचौघांत कधीच नाही. मशीनपाशी दोघंच असली, की मागून येऊन म्हणायचा, "टाचणी, मागची नाडी बांध."

नाडी मुखवट्याची. दर शनिवारी टीव्हीवर कुस्तीचा जो कार्यक्रम लागायचा, त्यात नवरा घुबड व्हायचा. करडा मुखवटा, बशीएवढे डोळे, आणि मागे डोक्यावर आवळून बांधायची नाडी. ती बायकोशिवाय कुणाला बांधू द्यायचा नाही. मुखवटा घालण्याआधी आतून दोनदा फुंकर मारायचा, धूळ उडवल्यासारखी. धूळ कधीच नसायची.

कुस्ती कसली, नाटकच ते, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. म्हणोत बापडे. निकाल आधी ठरलेला असतो हे खरं. पण दोरावरून उडी मारून आपटायचं असतं ते पाठीला, निकालाला नाही. बारा वर्षं आपटून नवऱ्याचा डावा कान चेचून फुगला होता, मिटलेल्या मुठीसारखा. त्याच्या डोक्याच्या मापाचा लाकडी ठोकळा शिंपीणबाईच्या फळीवर होता, त्यावरही तिने तो कान कोरून घेतला होता. घेर साडेतेवीस इंच, डावीकडे दीड बोट उंचवटा.

शनिवारी कार्यक्रम, गुरुवारी आकडा. शंभरांतल्या किती घरांत टीव्ही त्या वेळी त्याच वाहिनीवर होता, त्याचा आकडा. व्यवस्थापक तो जिन्याखालच्या फळ्यावर खडूने लिहायचा, म्हणून त्याला सगळे आकडेसाहेब म्हणायचे. घुबड आलं तेव्हा आकडा एक पॉइंट दोन होता, चार वर्षांत तीन पॉइंट चार झाला. मग काय! दप्तरावर घुबड, डब्यावर घुबड, टूथपेस्टच्या खोक्यावर घुबड. जाहिरातवाले रांगेत उभे. मालक एकदा भर सभेत बोलून गेला, "माणूस आजारी पडतो, म्हातारा होतो, पगारवाढ मागतो. मुखवट्याचं तसं नसतं." सगळे हसले. नवराही हसला. शिंपीणबाईच्या तोंडात टाचण्या होत्या, ती हसली नाही.

एका मंगळवारी दुपारी सरावात नवरा मानेवर पडला आणि उठला नाही.

"घुबडाला किरकोळ दुखापत", असं कंपनीने छापून आणलं. माणूस मेला हे छापायचा प्रश्नच नव्हता, कारण करारानुसार घुबडाच्या आत माणूस नव्हताच. घुबड कोण हे बाहेर फोडायचं नाही, मेल्यावरही नाही, असं त्यात कलम होतं आणि त्याखाली नवऱ्याची सही होती. अंत्ययात्रेला तीस माणसं. वाटेत खेळण्यांचं दुकान लागलं, काचेत चाळीसेक मुखवटे टांगलेले. वारा नव्हता. तरी तिरडी पुढे सरकली तसे ते एकेक करून तिकडे वळले, हे शिंपीणबाईने पाहिलं. कुणाला सांगितलं नाही. सांगून काय, वेडी ठरवतात.

सहाव्या दिवशी आकडेसाहेब घरी आला.

"ताई, तुमच्या दुःखात आम्ही सगळे..."

"मुद्द्याचं बोला."

"नवीन माणूस आलाय. मुखवटा मात्र हुबेहूब तोच हवा. कानासकट. बाजूने कॅमेरा धरला की तो फुगवटा दिसतो, लोकांच्या डोळ्यांत बसलाय तो."

"पाठवा त्याला. माप घेते."

"मापाची गरज काय? ठोकळा आहे ना."

डोकं हाताखाली आल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, हे तिला बापाने शिकवलं होतं. एका डोक्याचं माप दुसऱ्याला चढवलं तर दोघांपैकी एकाचा जीव त्यात गुदमरतो, असं तो म्हणायचा. तिला ते कारागिराचं खूळ वाटायचं. पण नियम तिने वीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता. त्या दिवशी मोडला. कंपनीच्या धाकाने नव्हे. कंपनी म्हणजे काय, चार खुर्च्या आणि एक शिक्का! मोडला तो स्वतःच्या लोभाने. शनिवारी टीव्ही लावला की तो पुन्हा दिसेल, एवढाच तो लोभ. कानाच्या जागी तिने कापूस भरला आणि मुखवटा पाठवून दिला.

शनिवारी घुबड दोरावर चढलं. शेजारी बसलेला दीर म्हणाला, "वहिनी, दादाच वाटतोय गं." आकडा आला तीन पॉइंट सहा.

या दुसऱ्या माणसाला सगळे 'दुसरा'च म्हणायचे. आधी तो गोदामात पोती उचलायचा. कामापुरतं बोलायचा. सहा महिन्यांनी मुखवटा दुरुस्तीला आला तेव्हा सोबत चिठ्ठी होती: कापूस काढा, आता मावत नाही. तिने काढला. कापूस ओलसर आणि गरम होता, उशीखालून काढावा तसा.

अकराव्या महिन्यात दुसऱ्याचा गुडघा फुटला आणि कंपनीने त्याला घरी बसवलं. त्याच आठवड्यात दीर उड्या मारत आला. वय चोवीस, कंपनीत रिंगचे खांब नि गाद्या लावायचं काम. आईबाप लवकर गेले, तेव्हापासून वहिनीनेच वाढवलेला.

"वहिनी, घुबड मी! साहेब म्हणाले, अंगकाठी दादासारखी आहे. गाद्या उचलणारा मी, मला आता तीन पॉइंट सहा बघणार!"

"तुम्हाला कोण बघणार, भाऊजी? बघणार ते घुबडाला."

"तुझं म्हणजे सदा कडू तोंड. थुंक त्या टाचण्या एकदा!"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दार वाजलं. दारात एक बाई, लॉन्ड्रीच्या निळ्या कोटात. मागे काठी टेकत दुसरा.

"ताई, मी यांची बायको. माफ करा, रोज म्हणतात मला घरी सोड. मी म्हणते, अहो, हेच की आपलं घर. तर पत्ता सांगतात तो तुमचा."

शिंपीणबाई काही बोलायच्या आत तो सरळ आत गेला. कुठली पायरी उंच आहे ते न बघता पाऊल उचललं. मशीनशेजारची, नवऱ्याची खुर्ची ओढली, डुगडुगणारा पाय भिंतीकडे केला आणि बसला.

"टाचणी," तो म्हणाला, "उशीर झाला का गं?"

तिच्या तोंडातल्या टाचण्या फरशीवर सांडल्या.

लॉन्ड्रीवाली दाराला धरून उभी होती. "यांची जुनी टोपी होत नाही आता. माणसाचं डोकं या वयात वाढतं का हो? मला 'बाई' म्हणतात. चौदा वर्षं झाली लग्नाला."

शिंपीणबाईने टेप काढली. ती त्याच्या डोक्याभोवती फिरवली. साडेतेवीस. डावा कान मिटलेल्या मुठीसारखा, दीड बोट. दुसरा शांत बसून होता, माप देताना नवरा बसायचा तसा, डोळे मिटून, मान जरा उजवीकडे. क्षणभर तिला वाटलं, राहू दे याला इथेच. खरंच वाटलं. मग तिची नजर लॉन्ड्रीवालीच्या हातांकडे गेली. साबणाने फुटलेले, दाराची चौकट घट्ट धरलेले.

"घेऊन जा त्यांना," ती म्हणाली. "आणि रोज त्यांच्या नावाने हाक मारा. ओ देईपर्यंत मारा."

त्या संध्याकाळी तिने दिराला स्टुलावर बसवलं आणि त्याच्या स्वतःच्या डोक्याचं माप घेतलं. सव्वाबावीस. कान दोन्ही सपाट, लहान. त्या मापावर नवा मुखवटा शिवला. डोळे तेच, रंग तोच, टाकेही तेच. फक्त आत जागा होती ती दिरापुरती.

पहिल्या शनिवारी दीर सफाईने उडाला. सगळं बरोबर होतं आणि आकडा आला दोन पॉइंट आठ. पुढचा दोन पॉइंट एक. मग एक पॉइंट सहा. काय बिघडलं ते कुणालाच सांगता येईना. दप्तरवाल्यांनी फोन उचलणं बंद केलं. आकडेसाहेबाने फळ्यावर लिहिणंच सोडलं. शेवटी मालकाने जुन्या नि नव्या फिती शेजारी शेजारी लावल्या आणि पडद्यावर कानापाशी बोट ठेवलं.

बुधवारी सकाळी दीर तणतणत घरात शिरला.

"तू माप बदललंस!"

"बदललं."

"का? माझं नाव होऊ नये म्हणून? दादाचं तेवढं खरं, माझं खोटं?"

"नाव घुबडाचं होतं, भाऊजी. तुमचं कुठे होत होतं? दुसऱ्याला जाऊन बघून या एकदा."

"त्याचं डोकं फिरलंय! मार खाऊन फिरतं लोकांचं! या शनिवारी तीनच्या वर गेलो नाही, तर पुन्हा गाद्या उचलायच्या. कळतंय तुला?"

कळत होतं. म्हणूनच ती ठोकळ्यापुढे आडवी उभी राहिली. ठोकळ्यावर नवऱ्याचा शेवटचा मुखवटा होता, त्या मंगळवारचा. तिने तो धुतलाही नव्हता. पण दीर चोवीस वर्षांचा आणि ती पन्नाशीची. त्याने हात घालून तो ओढला.

चढवण्याआधी त्याने आतून दोनदा फुंकर मारली.

मुखवटा ढिला पडायला हवा होता. सव्वा इंचाचा फरक होता. कापड त्याच्या डोक्यावर सैल लोंबलं, मग हळूहळू, आतून कुणी श्वास भरत असावं तसं, ताणून बसलं. डावीकडचा उंचवटा भरला. दीर आरशाकडे गेला नाही. तिच्याकडे पाठ करून स्टुलावर बसला. मान जरा उजवीकडे.

"टाचणी," आवाज संथ होता, दमलेला, अगदी ओळखीचा. "मागची नाडी बांध."

तिने नाडीची दोन्ही टोकं हातात घेतली. गाठ मारायला बोटं आपोआप वळली. वर्षभर ज्या आवाजासाठी ती शनिवारची वाट बघत होती, तो हातभर अंतरावर होता.

"बरे आहात ना?" तिने विचारलं.

"आता बरा आहे."

"भाऊजी कुठे आहेत?"

कापडाखाली मानेची शीर उडत होती. ती कुणाची हे तिला ओळखता येईना.

"ऐकून घ्या," ती म्हणाली. "त्याला मी भरवून मोठा केलाय. तुमच्यासाठीसुद्धा नाही द्यायची मी त्याला."

तिने मोठी कात्री घेतली आणि नाडीपासून कपाळापर्यंत शिवण उभी कापत गेली. स्वतःचेच टाके, एकेक ओळखीचा. मुखवटा दोन फाळक्या होऊन गुडघ्यांवर पडला. बशीएवढा एक डोळा इकडे, एक तिकडे. खोलीत कुणीतरी लांब श्वास सोडला. दिराचं तोंड तर मिटलेलं होतं.

तो डोळे चोळत राहिला. डावा कान लाल झाला होता. "वहिनी," तो म्हणाला, "मी कधी आलो गं? काही खायला आहे का?"

"कार्यक्रम गेला तुमचा," ती म्हणाली. "गाद्या उचला आता."

"तुझं तोंड म्हणजे..." असं काहीतरी तो पुटपुटला.

तिने टेप घेतली, त्याच्या डोक्याभोवती फिरवली आणि खिडकीशी नेऊन उजेडात बघितली. सव्वाबावीस. खात्री व्हावी म्हणून तिने पुन्हा एकदा घेतलं.