नोंद क्रमांक तीनशे अठरा

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. वडिलांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या तेव्हापासून आमच्या घरात अंगारा नाही, उतारा नाही, कुणाची दृष्ट काढणं नाही. त्यात मी बी.एस्सी. कॉम्प्युटर, घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. या सदरातले अनुभव मी वाचते ते एसटीत झोप लागू नये म्हणून, आणि चूक कुठं झाली हे बहुतेक वेळा मला दुसऱ्या पॅराग्राफलाच कळतं. माझ्या स्वतःच्या बाबतीत मात्र ते अजून कळलेलं नाही... म्हणून लिहितेय.

२००५ च्या सुमाराची गोष्ट. राहायला शिरूर, नोकरी दौंडला. न्हावरा, चौफुला, पाटस करत जायला दोन-सव्वादोन तास, यायला तेवढेच. ऑफिस म्हणजे स्टेशनजवळ मोटार रिवाइंडिंगच्या दुकानावरच्या दोन खोल्या, पाच कॉम्प्युटर आणि दिवसभर खालून येणारा वॉर्निशचा वास. काम असं, की खेड्यांतल्या शाळांची जुनी जनरल रजिस्टरं कॉम्प्युटरवर चढवायची. शाळेकडून पानांच्या झेरॉक्स यायच्या. एकच पान दोन मुली वेगवेगळं टाईप करायच्या, मग दोन्ही ताडून बघायचं. ते जायचं एक्सएमएल फाईलमध्ये. म्हणजे प्रत्येक माहितीच्या मागंपुढं एक खुणेची पाटी, तिला टॅग म्हणतात. नावाला नावाचा टॅग, गावाला गावाचा. मग जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत एक लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रामांचा संच असतो, तिला सांगायचं की अमुक टॅग असलेल्या सगळ्या नोंदी शोध. ती फाईल वाचते आणि यादी हातात देते. हे शोधायचे प्रोग्राम मी लिहायचे.

यात माझी एक हुशारी होती. रजिस्टरमधले नोंद क्रमांक शाई उडून पुसट झालेले, दोन मुलींचं त्यावर कधी जुळायचं नाही. मी नियम केला — नोंद क्रमांक टाईपच करायचा नाही, तो टॅगच काढून टाका, यादी छापताना आकडे प्रोग्राम ओळीनं देईल. निम्मा वेळ वाचला. मालकांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. मला ते आवडलं, खोटं का बोलू.

एक दिवस खुटबावच्या पलीकडच्या एका वाडीतून — वाडीचं नाव नको — गेनूआबा आले. धनगर समाजाचे, सत्तरीच्या आसपास, घोंगडी घडी करून खांद्यावर. नातीला नर्सिंगला नंबर लागलेला, पण जात पडताळणीला जुना पुरावा हवा होता. आबांचे वडील, मारुती धोंडी, त्या वाडीच्या शाळेत शिकले होते. हेडमास्तरांनी रजिस्टर चाळलं, नाव दिसलं नाही, म्हणून चिठ्ठी देऊन आमच्याकडं पाठवलं. कागद द्यायला नऊ दिवस उरले होते.

मी शोधलं. शून्य. आडनावावरून, गावावरून, नुसतं ‘मारुती’ टाकून... चार मारुती निघाले, एकही यांचा नाही.

आबा म्हणाले, “बाई, माझा बाप तीन वर्सं साळंत गेलाय. मेंढरामागं हिंडताना धुळीत काठीनं मला अक्षरं काढून दावायचा. न्हाई कसं म्हन्ता?”

“आबा, मी नाही म्हणत. कॉम्प्युटर म्हणतोय. आणि तो विसरत नाही.”

हे वाक्य मी बोलले. ‘नोंद आढळली नाही’ असं छापलेला कागद, त्यावर शिक्का, वर माझी सही. त्यांनी तो कागद नीट घडी करून बंडीच्या खिशात ठेवला आणि जिना उतरले. त्या दिवशी घरी जाताना न्हावऱ्यापर्यंत उभ्यानं गेले, आणि त्यांचा विचारही केला नाही.

चौथ्या दिवशी त्याच शाळेची सीडी द्यायची होती. दुपारचे दोन, लोडशेडिंग, इन्व्हर्टरवर दोनच मशीन चालू. सीडी देण्याआधी मी एक शेवटची तपासणी करायचे. एखादीनं सवयीनं नोंद क्रमांक टाईप केलाय का, म्हणून तो काढून टाकलेला टॅगच शोधायचा. उत्तर शून्य आलं पाहिजे.

एक आलं.

वैतागून ती नोंद उघडली. नोंद क्रमांक ३१८. मारुती धोंडी. जात, गाव, जन्मतारीख. शाळा सोडण्याचं कारण — ‘मेंढरांबरोबर परगावी गेला’.

फाईल एडिटरमध्ये उघडून ‘धोंडी’ शोधलं. नाही. ‘३१८’ नाही. ‘परगावी’ नाही. फाईलमध्ये ६१२ विद्यार्थी. प्रोग्राम परत चालवला तर ६१३.

शेजारच्या मशीनवर शकीलभाई होते. माझ्याहून दहा वर्षं जुने, मला कायम ‘ग्रॅज्युएट’ म्हणूनच हाक मारायचे. म्हणाले, “ग्रॅज्युएट, जुनी फाईल वाचतेय तुझी. पाथ बघ.” पाथ, म्हणजे फाईलचा पत्ता, बरोबर होता. ते स्वतः माझ्या खुर्चीवर बसले, प्रोग्राम ओळ न् ओळ वाचला, पुन्हा चालवला. ३१८, मारुती धोंडी. मग उठून खुर्ची मला परत दिली.

इन्व्हर्टरवर प्रिंटर चालायचा नाही. तेवढ्यात इन्व्हर्टर टूं-टूं करायला लागला. मी झेरॉक्सच्या पाठीवर बॉलपेननं भराभर सगळं उतरवून घेतलं. शेवटचा शब्द लिहिला आणि मशीन बंद पडलं.

साडेतीनला लाईट आली. तीच फाईल, तोच प्रोग्राम. शून्य. शकीलभाईंनी सात-आठ वेळा चालवला. शून्य.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून शाळेत गेले. हेडमास्तर म्हणाले, “मॅडम, मी स्वतः दोनदा चाळलंय. तुमचा कॉम्प्युटर आमच्यापेक्षा शहाणा आहे का?” मी म्हटलं, नाव नको, फक्त आकडे बघू. एका पानाचा शेवट ३११ ला होता आणि ते उलटल्यावर पुढच्या पानाची सुरुवात ३३६ ला. त्या जागी कुणीतरी कधीकाळी फाटलेल्या कडेला बाभळीच्या डिंकानं चिठ्ठी चिकटवली होती. डिंक ओघळून दोन पानं एक झाली होती. झेरॉक्सवाल्यानं ती एकच म्हणून फिरवली. आकडे टाईप केले असते, तर ३११ नंतर ३३६ हे कुठल्याही मुलीला दिसलं असतं. पण ते मीच बंद केलेलं.

हेडमास्तरांनी चहाचं पातेलं मागवलं. वाफेवर धरून, पट्टी सरकवत, अर्ध्या तासानं पानं सुटली. आतली शाई बाहेरच्यापेक्षा काळीभोर होती. ३१८. मी खिशातला कागद शेजारी धरला. शब्दाला शब्द. ‘मेंढरांबरोबर परगावी गेला’.

हेडमास्तरांनी कागद बघितला, डिंक बघितला, मग मला विचारलं, “हे तुम्ही कुठून उतरवलं?” मी म्हटलं, फाईलमधून. दुसरं काय सांगणार.

उतारा घेऊन मी स्वतः आबांकडं गेले. कसं सापडलं तेही खरंखरं सांगितलं. त्यांना नवल वाटल्याचं काही दिसलं नाही. नातीला कागद वाचायला लावला, दोनदा. मग म्हणाले, “चार दिस म्या घरात तोंड उचलून बोललो न्हाई, बाई. नात म्हनली, आबा, तुमचा बाप साळंत गेलाच नसंल. आता तिला इचारा.” नात रडत होती. नर्सिंगची वेळ गाठली गेली.

इथं संपवलं असतं तर बरं झालं असतं. पण त्या दोन पानांवर चोवीस नोंदी होत्या. त्या टाईप करताना ३२१ ला थांबले. हे नाव मी आधी शोधलं होतं. महिन्याभरापूर्वी कासुर्डीहून एक बाई आली होती, सासऱ्यांच्या याच शाळेतल्या नोंदीसाठी. मुलाला नोकरी लागलेली, पडताळणी बाकी. तिलाही मी शिक्का मारून कागद दिला होता. ती फक्त “बरं” म्हणाली होती.

गेले तिच्याकडं. मुदत संपून अकरा दिवस झाले होते, जागा दुसऱ्याला गेली होती. तिनं मला पाणी दिलं, उतारा घेतला आणि परत “बरं” म्हणाली.

शकीलभाई आता म्हणतात, मेमरीत काहीतरी राहिलं असेल. मी विचारते, जे कुणी टाईपच केलं नाही ते मेमरीत येईल कुठून? मग ते विषय बदलतात. तो झेरॉक्सचा कागद माझ्याकडं आहे, अक्षर माझंच आहे. नोकऱ्या बदलल्या, भाषा बदलल्या, तरी प्रत्येक फाईल देण्याआधी मी तो नसलेला टॅग शोधते. शून्य येतं. दर वेळी शून्य.

३१८ कशी दिसली, हे मला समजलेलं नाही. पण झोप उडते ती त्यानं नाही. तीनच ओळी खाली ३२१ होती... ती का नाही दिसली?