सरांच्या हातचा पीक

माझा नवरा रेल्वेत इंजिनिअर. इथे लखनौत, चारबागला त्याच्या ऑफिसात एवढी माणसं, पण घरी येऊन सांगायला एक किस्सा नाही. आणि आमच्या लॅबमध्ये धड चार डोकी, तरी माझं सांगणं संपेपर्यंत त्याचा चहा गार झालेला असतो! तो विचारतो, "तुम्ही लोक काम कधी करता?" अहो, काम करतो म्हणूनच तर किस्से होतात. नुसतं बसून राहणाऱ्याच्या हातून काय घडणार, कपाळ?

आम्ही करतो काय, तर वस्तू तापवतो. सरकारी पगारावर! शर्टाच्या बटणापेक्षा लहान अशी ॲल्युमिनियमची वाटी असते, तिला आम्ही पॅन म्हणतो. तिच्यात पदार्थाचा कणभर तुकडा टाकायचा, झाकण दाबायचं आणि मशीनमध्ये ठेवून हळूहळू तापवायचं. पदार्थ कुठे वितळला, कुठे बदलला, ते कॉम्प्युटरवरची रेघ सांगते. सरळ चाललेल्या रेघेत मध्येच डोंगर आला की तो पीक. अशा एकेका डोंगरावर लोकांच्या पीएचड्या उभ्या असतात.

*

एकदा कानपूरहून एक कारखानदार आले. त्यांना प्लॅस्टिकचे दाणे तपासून हवे होते. "सॅम्पल घेऊन या" एवढंच मी फोनवर बोलले होते. हे आले ते मागे हमाल, आणि हमालाच्या डोक्यावर गोणी!

आमचे टेक्निकल ऑफिसर सिद्दीकी साहेब जन्माचे लखनौचे. मशीन बंद करतानासुद्धा तिला "अब आप आराम कीजिए" म्हणणारा माणूस. त्यांनी गोणीला अदबीने सलाम केल्यासारखं केलं, चिमट्याने एकच दाणा उचलला, ब्लेडने त्याचा कोपरा छाटला आणि म्हणाले, "बस, हो गया."

कारखानदारांनी त्या कपच्याकडे पाहिलं, मग गोणीकडे पाहिलं. चेहरा असा पडला की मलाच वाईट वाटलं. मग हात जोडून म्हणाले, "अरे साहब, तकल्लुफ़ मत कीजिए, पूरा डालिए! घर का माल है!"

*

मशीनची खोली बारा महिने गार ठेवावी लागते, नाहीतर रीडिंग बिघडतं. म्हणून मे-जूनमध्ये आमच्याकडे विज्ञानाला नुसता ऊत येतो. अकाउंट्सचे दोघंतिघं रोज दुपारी "मॅडम, ज़रा ग्राफ़ देखने आए हैं" म्हणून येतात. एक जण तर उशी घेऊन आला होता!

*

आता प्रज्ञा. इथल्याच निशातगंजची मुलगी, आमच्या त्रिपाठी सरांकडे पीएचडी करणारी. हुशार, पण रडू नाकाच्या शेंड्यावर. पुण्याच्या एका रंगांच्या कंपनीत तिला नोकरी लागली होती. होळी झाली की हजर व्हायचं, आणि त्याआधी थीसिसवर सरांची सही हवी. सही नाही तर नोकरी नाही, इतकं सरळ. पुण्याला जायचं म्हणून माझ्याकडून मराठी शिकत होती. पहिलं वाक्य शिकली ते, "मॅडम, मला फार उशीर होतोय."

आमच्याकडे दुसरं एक मशीन आहे, ते तापवता तापवता पदार्थाचं वजन बघतं. भयंकर हळवं. शेजारी कोणी शिंकलं तरी त्याची रेघ हलते. प्रज्ञाच्या पदार्थाचं वजन रोज एकाच ठिकाणी टुणकन उडी मारायचं. सर खूश! म्हणाले, हा काहीतरी नवा प्रकार दिसतोय. तिच्याकडून त्याच्यावर चांगली लांबलचक थिअरी लिहून घेतली.

एक दिवस मी तिथेच बसून राहिले. रेघ त्या जागी आली, आणि त्याच क्षणी बाहेर धाड-धाड-धाड दारं वाजली. कॉरिडॉरमध्ये समोसेवाला आला होता! प्रज्ञा रोज ऑफिस उघडलं की लगेच मशीन सुरू करायची, आणि तोही बिचारा वेळेचा पक्का.

सरांनी थिअरी काढून टाकली, पण फार जड अंतःकरणाने. म्हणाले, "समोसे की बात अलग है मॅडम, थ्योरी अपने आप में अच्छी थी."

*

मध्ये सांगलीहून माझ्या सासूबाई आल्या. लखनौला येऊन चिकनच्या भरतकामाचा कुडता घेतला नाही तर गावाकडे तोंड कसं दाखवणार? गेलो अमीनाबादच्या बाजारात. दुकानदाराने गळ्याला हात लावून सांगितलं, "माताजी, प्योर कॉटन!"

घरी येऊन सासूबाई म्हणाल्या, "अगं, हा घाम टिपत नाही. फसवलंन मेल्याने." मी काठाचा एक धागा तोडला आणि दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये तापवला. सुती धागा वितळत नाही, नुसता करपतो. हा दोनशे पंचावन्न डिग्रीला सुरेख वितळला. अस्सल पॉलिएस्टर!

ग्राफ छापून आम्ही दोघी भांडायला दुकानात. सासूबाईंनी पदर खोचलेला. दुकानदाराने ग्राफ नीट पाहिला, डोंगरावर बोट ठेवलं आणि विचारलं, "यह कितने पर है?"

"दो सौ पचपन डिग्री," मी ठणकावून सांगितलं.

त्याने कागदाची घडी घालून अदबीने माझ्या हातात दिली. "मैडम, लखनऊ में इतनी गर्मी पड़ती कब है? उससे पहले तो कॉटन ही है न!"

सासूबाईंनी खोचलेला पदर सोडला आणि तिथेच आणखी दोन कुडते घेतले. रिक्षात बसताना म्हणतात कशा, "काही म्हण, माणूस बोलतो गोड!"

*

पण त्या थंडीत जे झालं त्याला तोड नाही.

त्रिपाठी सर मनाने चांगले, विद्वान. फक्त शोध लागायची फार घाई. डिसेंबरात प्रज्ञा तापाने घरी होती, तर सरांनी तिच्या पॉलिमरचा पॅन स्वतः भरला. आणि पन्नास डिग्रीच्या आसपास आला की पीक! त्या पदार्थात असा पीक तोवर कोणी पाहिला नव्हता. सरांनी सगळ्या मजल्याला मिठाई वाटली.

प्रज्ञा परत आली, तिने पॅन भरला. पीक नाही. पुन्हा भरला. नाही. सरांनी भरला, आला! सर म्हणाले, "हाथ में हुनर चाहिए, बेटा. जिस दिन तुमसे आ जाएगा, उस दिन साइन कर दूँगा."

झालं! जानेवारी गेला. पोरगी रोज पॅन भरते, रेघ पाटासारखी सरळ. पुण्याहून मेलवर मेल. माझ्या टेबलाशी बसून ढसाढसा रडायची. सिद्दीकी साहेब हळहळून म्हणायचे, "क्या करें, सर के हाथ में बरकत ही इतनी है."

आणि खरंच सगळं त्या हातातच होतं! आम्ही सगळे पॅन चिमट्याने उचलतो. सर बोटांनी. लखनौच्या थंडीत हात फुटतात, म्हणून सरांच्या कोटाच्या खिशात पेट्रोलियम जेलीची डबी. येता-जाता चोळायची, आणि त्याच बोटांनी पॅन भरायचा. ती जेली वितळते कुठे? पन्नासच्या आसपास!

प्रज्ञाला कळलं होतं, मला कळलं होतं, सिद्दीकी साहेबांना तर पहिल्या दिवशीच कळलं असणार. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? मी एकदा धीर करून म्हटलं, "सर, चिमटा वापरून बघायचा का?"

सर हसले. "मैडम, जब चिमटे नहीं थे, केमिस्ट्री तब भी थी!"

मग आम्ही ठरवलं, सांगायचं नाही, दाखवायचं. प्रज्ञा गेली आणि गोड आवाजात म्हणाली, "सर, तुलना के लिए एक खाली पॅन भी चाहिए. आप ही के हाथ से हो जाए तो..."

सर खुलले. डबी काढली, हात चोळले, रिकामा पॅन बोटांत घेऊन प्रेमाने फिरवला, झाकण दाबलं, मशीनमध्ये ठेवला. आम्ही तिघं मागे उभे. प्रज्ञाने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली. तीस... चाळीस... आणि पन्नासच्या तोंडाशी रेघ उचलली. झकास डोंगर! रिकाम्या पॅनमध्ये!

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मला त्यांची खरोखर दया आली. एवढी मिठाई वाटलेला माणूस हो!

"खाली पॅन में भी आया," सर हळूच म्हणाले.

"जी सर," प्रज्ञा म्हणाली.

"मतलब पॉलिमर का इससे कोई लेना-देना ही नहीं."

"जी सर!"

"तो थीसिस से यह पीक निकाल दो. आज ही. लाओ, साइन कहाँ करना है?"

सरांनी उभ्या उभ्या सही केली. प्रज्ञा त्यांच्या पाया पडली, माझ्या पडली, सिद्दीकी साहेबांना मराठीतून "फार आभारी आहे" म्हणाली आणि कागद छातीशी धरून पळत सुटली. मला भरून आलं. म्हटलं, माणूस मोठा खरा! चूक कबूल करायला केवढं मन लागतं.

सरांनी दार नीट लागल्याची खात्री केली. मग माझ्याजवळ आले आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "मैडम, यह तो एल्युमिनियम का निकला! आज तक दुनिया में किसी ने नहीं देखा. लड़की को भनक न लगे."